पापडाच्या कारखान्याला कोणते डबे

इंजिन

जेवणाच्या टेबलावर खेळण्यातल्या रेल्वेचे रूळ होते, रुळांच्या टोकाला पुठ्ठ्याचा कारखाना आणि कारखान्यावर पाटी: शामला गृहउद्योग. खरा शामला गृहउद्योग कळमन्याला आहे, पापड आणि मूगवड्यांचा. त्याची मालकीण, खरी शामला, मात्र ताट हातात धरून टेबलाशेजारी उभी होती, ठेवायला जागा शोधत.

"रविवारी नानाजी येतेत जेवाले," ती नवऱ्याला म्हणाली. नानाजी म्हणजे मुलीचे सासरे. "गाडी अस्सल दिसली तर राहू देईन, आपण खाली बसून जेवू. खोटी दिसली तर सगळं भंगारात."

मधुकरराव बँकेतून निवृत्त झाले तेव्हापासून त्यांची एकच इच्छा होती. ईवायांच्या, म्हणजे व्याह्यांच्या, डोळ्यांसमोर गाडी कारखान्यात न्यायची, शिटी द्यायची आणि परत आणायची.

अस्सल काय ते ठरवायला शेजारचे रामाजी आले. जन्मभर मालगाडीचे गार्ड.

टँकर

गोल, पांढरा, मधुकररावांचा लाडका.

"यात काय येते गा?" रामाजींनी विचारलं.

"तेल."

"टँकरभर?" शामला म्हणाली. "पापड लाटताना मी बोट बुडवतो त्यात, टँकर नाही."

बाद.

उघडा डबा

"यात उडदाची डाळ," मधुकरराव घाईने म्हणाले.

"हा कोळशाचा हाय. उघड्यात डाळ कोणी आणते का गा? कामठीपासून कबुतरं मांगं लागतीन."

बाद. आता हातात उरला फक्त एक

बंद डबा.

"हा बरोबर," रामाजी म्हणाले. "पोत्यांचा माल असाच येते."

मधुकररावांच्या जिवात जीव आला.

"पण एक डबा नाही भेटत आता. पुरी गाडी घ्या लागते. चाळीसच्या वर डबे."

टेबल संपलं की स्वयंपाकघर, मग ओटा, मग बाल्कनी. मधुकररावांनी मनातल्या मनात गाडी तिथवर नेली. ती तुळशीच्या कुंडीवर आपटली.

शामलाने ताट शेवटी रुळांवरच ठेवलं. "चाळीस डबे डाळ? अख्ख्या नागपुरानं भात सोडून पापड खाल्ले तरी उरन!"

"मंग गाडी खोटी, वहिनी."

"गाडी काहून खोटी? कारखाना लहान हाय." तिने चपलांचं खोकं आणून कारखान्याला चिकटवलं. "हे गोदाम." मग मिठाईचं खोकं. "हे वाळवणाचं." मग साड्यांचं. "हे माझं ऑफिस."

"अन् मी गाडी कुठं चालवू?" मधुकरराव म्हणाले.

"सहा डबे टेबलावर ठेवा," रामाजींनी तोडगा काढला. "सायडिंग, म्हणजे कारखान्यातला रूळ, लहान असली तर गाडी तोडून तोडूनच आत लावतेत. बाकीची यार्डात उभी हाय, समजून घ्या." त्यांनी स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं.

*(इथला एक डबा कापून काढला आहे. त्यात पाच बंद डबे विकत घेण्यावरून झालेलं भांडण होतं.)*

ब्रेकव्हॅन

रविवार. नानाजी खाली मांडी घालून जेवले. पापड चारदा घेतला. हात धुऊन टेबलाजवळ आले. रामाजीही तिथे होतेच.

सहा डब्यांची गाडी कारखान्यात लावलेलीच होती. मधुकररावांनी शिटी दिली. बटणावर बोट ठेवलं. "पाहा आता, ईवाई..."

"थांबा," शामला म्हणाली. "माल उतरला का?"

"कोणता माल?"

"डाळ! रामाजी, आत लागलेली गाडी रिकामी झाल्याशिवाय हालते का?"

रामाजींनी मधुकररावांकडे पाहिलं. मग जमिनीकडे. "नाही हालत, वहिनी."

"मंग उतरवून टाक ना वं!" मधुकरराव म्हणाले.

"आज? रविवारी माझ्या बाया येत नाहीत. सुट्टी म्हणजे सुट्टी."

"अवं, बाया पुठ्ठ्याच्याही नाहीत त्यात!"

"अस्सल गाडीचंच ठरलं होतं ना?"

मधुकररावांचं बोट बटणावरच राहिलं. टेबल वाचलं होतं, रूळ वाचले होते, कारखाना तर चौपट झाला होता. गाडी उभी.

नानाजी वाकून वाकून पाहत होते. "एकदम खरी दिसते, मधुकरराव. आमच्या रेल्वे फाटकापाशी अशीच उभी राहते."

मग त्यांनी सोफ्यावर उशी नीट लावली, चष्मा काढून ठेवला आणि विचारलं, "सोमवारी बाया किती वाजता येतेत, ईहीणबाई?"