पाहुणचाराचे पंधरा शेर

शालिग्रामभाऊचा प्रबंध आमच्या गावानं पाहुणचार करून करून बुडवतच आणला होता आणि तो मी वाचवला. मीच सांगते, कारण दुसरं कुणी सांगेपर्यंत माझी नाताळची सुट्टी संपून जाईल.

शालिग्रामभाऊ माझा मावसभाऊ. नागपूरला अर्थशास्त्राचं एम.ए. करतो. सगळं पीक न मोजता गावाच्या ज्वारीचा अंदाज काढायचा, असा त्याचा विषय. सगळ्या वावरांच्या चिठ्ठ्या करून त्यातल्या दहा उचलायच्या. प्रत्येक वावरात दोरीनं वीस हातांचा चौकोन आखायचा, त्यातली कणसं खुडून तोलायची आणि दहांची सरासरी काढायची. मागच्या वेळचे त्याचे आकडे सरांनी परत केले होते. या खेपेला चुकले तर यंदा परीक्षेला बसायचं नाही, असं बजावलंही होतं. शिरपूरजवळचं आमचं गाव त्यानं निवडलं ते मावशीच्या हातच्या जेवणासाठी, असं माय म्हणते.

वही माझ्याकडं होती. वाशिमच्या शाळेत गणितात पहिली आल्यापासून वही दुसऱ्याच्या हाती दिली की माझे हात शिवशिवतात. तीन दिवसांत दहा वावरं झाली. पंधरा शेर. साडेचौदा. पंधरा. साडेपंधरा.

"काय सुरेख आकडे आले!" भाऊ खूश.

"भाऊ, चुकलं," मी म्हणाले.

"बेरीज?"

"बेरीज नाही, ज्वारी. यंदा भादव्यात पाऊस आलाच नाही. अर्ध्या वावरात कणसं नाहीत, नुसते ताटे उभे हायेत. मंग सगळीकडं पंधरा कसे?"

भाऊचा चेहरा उतरला. मी त्याला एकेका वावरात काय झालं त्याची आठवण करून दिली. रामरावकाकांनी त्याला झाडाखाली बसवून गूळ-शेंगदाणे दिले आणि दोरी स्वतः नेऊन विहिरीजवळ लावली. सोजरबाईनं उकिरड्याच्या खताची जागा दाखवली. आणि आमच्या बाबांनी? बाबांनी तर मधोमध, जिथं कणसं माझ्या मनगटाएवढी, तिथं खुंट्या आधीच ठोकून ठेवल्या होत्या.

मी बाबांना विचारलं तर म्हणाले, "मंग! पाहुण्याले का मरतुकडी ज्वारी दाखवू?"

भाऊच्या हातात दोन दिवस उरले होते. वावरं तीच ठेवली, पण आता जागाही चिठ्ठीनंच ठरवायची, असं आम्ही दोघांनी ठरवलं. तांब्यातून दोन चिठ्ठ्या काढायच्या. पहिलीवर असतील तितकी पावलं धुऱ्यानं, म्हणजे बांधावरून, चालायचं आणि दुसरीवर असतील तितकी आत. पावलं माझी.

पहिलं वावर आमचं. चिठ्ठ्या निघाल्या, मी चालले आणि नेमकी खडकाळ कोपऱ्यात जाऊन उभी राहिले. बाबा धावत आले नि त्या जागेवर पाय रोवून उभे राहिले.

"इथं नाही! मारोतरावाच्या वावरात हे निघालं म्हणून नागपुरात सांगशीन?"

"बाबा, नागपूरले तुमचं नाव जातच नाही. नुसता आकडा जाते."

"आकडा तं माझ्याच वावराचा ना, शायने!"

भाऊ विरघळला. "जाऊ दे विजू, काकांचा मान. दहा पावलं सरकवू."

मला असा राग आला! "तुमी सरकवा दहा. मंग रामरावकाका वीस सरकवतीन, सोजरबाई तीस. अन् तुमचे सर तुमाले सरळ घरी सरकवतीन!"

बाबा हसू दाबत बाजूला झाले. "पोट्टी वकील होते बाप्पा," म्हणाले आणि विळा घेऊन स्वतःच कणसं खुडायला बसले. तराजूत तीन शेर भरले. मी वहीत लिहिले, तीन.

खरी गंमत तर पुढंच. रामरावकाका आपल्या धुऱ्यावर कुरकुरायला लागले तसे बाबा लांबूनच ओरडले, "काहून लाजून राह्यला रे रामा? माझे तीनच निघाले, तीन!" ते असं ओरडले, जणू पोळ्यात त्यांच्या बैलाचा पहिला नंबर आला.

झालं! काकांना चेव आला. "विजू, इकडं ये व. या खडकाळ बरडात काहीच नाही पिकलं. दोन शेर निघाले तं नाव बदलीन."

"काका, चिठ्ठी म्हणीन तिथंच दोरी," मी म्हणाले. चिठ्ठीनं मला पुन्हा त्यांच्या विहिरीजवळच नेलं. चौदा शेर. काका इतके हिरमुसले की शेवटी भाऊनंच त्यांना गूळ दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दहावं वावर संपलं. तीन, चौदा, सहा, नऊ, साडेचार... एकही आकडा शेजाऱ्यासारखा नव्हता. सरासरी आली पावणेआठ शेर. भाऊनं तीनदा तपासली, मी चारदा.

"निम्म्यावर आली," भाऊ म्हणाला, "पण आता सरांनी काहीही विचारू दे, उत्तर आहे."

तक्ता स्वच्छ अक्षरात उतरवला तेव्हा बाबा डोकावले. "आपला तीन कोणता?" मी दाखवला. मग तिथं बोट ठेवून त्यांनी आधी मायला बोलावलं, मग सोजरबाईला आणि मग रस्त्यानं जाणाऱ्या रामरावकाकांना.