अख्खी शेंग

विमानात पांघरूण देत नाहीत, असं यशपालनं फोनवर सांगितलं तेव्हाच आईनं ठरवून टाकलं, की आपली चादर आपण न्यायची. यशपाल माझा धाकटा भाऊ, मँचेस्टरला असतो. त्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते, म्हणून आई तिच्या बाळंतपणाला निघाली होती आणि मी आईला पोचवायला. तिकिटं त्यानं सगळ्यात स्वस्त कंपनीची काढली होती. जेवण नाही, पाणी नाही, आणि दोघींना शेजारी बसायचं तर त्याचेही वेगळे पैसे. ते त्यानं भरले नव्हते.

जेवणाची सोय आईनं केलीच. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. अक्कलकोट रोडच्या टॉवेलच्या कारखान्यात तिनं उभा जन्म काढला, आणि तिच्या डब्यात रोज हेच असायचं. उखळात कुटलेली, बोटाला तेल सुटेल अशी चटणी. आमच्या सोलापुरात भुईमूग, शेंगदाणे असली नावं दुकानाच्या पाटीवर. घरात शेंगा म्हणजे शेंगा. टरफलात असोत, भाजलेल्या असोत, नाहीतर कुटून पीठ झालेल्या.

मुंबईच्या विमानतळावर आमच्या पुढं एक मुलगी उभी होती. चैताली तिचं नाव, हे नंतर कळलं. माहेर डोंबिवलीचं, संसार तिकडंच मँचेस्टरला. कडेवर चारेक वर्षांची लेक, तिला ती चिमी म्हणत होती. दारावरच्या माणसानं तिची बॅग जड म्हणून खाली सामानात टाकायला सांगितली आणि ही अडून बसली. लेकीला दाण्यांची ॲलर्जी आहे, चुकून एक जरी पोटात गेला तरी घसा सुजून श्वास बंद होतो, इंजेक्शन जवळच लागतं, असं ती परत परत सांगत होती. शेवटी बॅग गेली आणि इंजेक्शनची लाल पिशवी तिनं एका झोळीत टाकून जवळ ठेवली. मला त्या माणसाचा इतका राग आला होता, की मी उगाच मध्ये तोंड घातलं आणि माझीही बॅग वजनकाट्यावर चढली. आई तेव्हा बाकावर चादरीची घडी नीट करत बसली होती. तिनं यातलं काही ऐकलं नाही.

आत गेल्यावर आई पुढच्या एका रांगेत, कडेच्या खुर्चीवर. तिच्या शेजारी चिमी आणि खिडकीशी चैताली. मी पाच-सहा रांगा मागं, दोन धिप्पाड पुरुषांच्या मध्ये कोंबलेली. पुढं वर जागा नव्हती म्हणून हवाई सुंदरीनं चैतालीचं लक्ष नसताना तिच्या पायाशी ठेवलेली झोळी उचलून आणली आणि माझ्या डोक्यावरच्या कप्प्यात दडपली. सुंदरी कसली, सगळ्यांवर खेकसत होती.

मध्यरात्र उलटली. दिवे मालवले होते, गारठा मी म्हणत होता आणि चिमी भुकेनं रडत होती. खायच्या गाडीवरच्या प्रत्येक पाकिटावर बारीक अक्षरात दाण्यांचा इशारा होता, आणि चैतालीनं जवळ घेतलेली बिस्किटं संपली होती. पुढं जे बोलणं झालं ते मी ऐकलं नाही. आईनं नंतर मला ते शब्दन् शब्द सांगितलं, एकदा नाही, कितीतरी वेळा.

आईनं डबा उघडून भाकरीचा तुकडा पुढं केला. भुकेलं पोर शेजारी रडत असताना तिला गप्प बसवतच नाही. चैतालीनं आधी विचारलं, "आजी, यात दाणे नाहीत ना? हिला चालत नाहीत."

आईनं डबा दिव्याखाली धरून नीट बघितला. "दाणं न्हाईत बाई. नुसती शेंगाची चटणी हाय."

चैताली सैलावली. शेंगा तर तिची आईही आमटीत घालते, असं म्हणाली. तिच्या डोळ्यांपुढं शेवग्याच्या शेंगा होत्या. आई म्हणाली, आमच्यातबी शेंगाची आमटी लई करत्यात. दोघींचं अगदी पटलं. चैतालीनं स्वतःच्या हातानं तुकडा मोडला आणि चटणी लावून लेकीला भरवला.

मला मागून फक्त आईचा हात आणि स्टीलचा डबा दिसला. मी पट्टा सोडला. तेवढ्यात विमान हादरायला लागलं, पट्टे बांधायचा दिवा लागला. मी उठले तर हवाई सुंदरीनं खाली बसायला फर्मावलं. मी बसले. चैताली विचारल्याशिवाय देणार नाही, असं मनाला समजावलं. आई खोटं सांगायची नाही, हेही माहीत होतं. मग वाटलं, आई सांगणार तरी काय? ती शेंगाच म्हणणार.

पुढून खोकला ऐकू आला. मी त्या दोन पुरुषांचे गुडघे तुडवत निघाले. हवाई सुंदरी ओरडत राहिली.

"चिमीला काय दिलंत?" मी चैतालीला विचारलं.

"भाकरी. दाणे नाहीत त्यात, शेंगा आहेत. आजींना विचारलं मी."

"शेंगा म्हणजेच दाणे," मी म्हटलं. "आमच्याकडं दाण्यांनाच शेंगा म्हणतात."

तिनं चिमीचं तोंड दिव्याकडं वळवलं. चिमीचे ओठ सुजले होते, गळ्यावर चट्टे उठले होते आणि श्वासाबरोबर शिट्टीसारखा आवाज येत होता. चैताली लाल पिशवीसाठी पायाशी चाचपायला लागली. पिशवी तिथं नव्हती. ती कुठं आहे हे मला ठाऊक होतं. मी हेलकावे खात मागं पळाले, कप्पा उघडला, लोकांच्या पिशव्या खाली लोटल्या. कुणीतरी शिवी हासडली. लाल पिशवी घेऊन परत आले तेव्हा चिमीचा आवाज बंद झाला होता. रडणंही नाही, खोकलाही नाही.

चैतालीनं कपड्यांवरूनच मांडीत इंजेक्शन दाबलं आणि धरून ठेवलं. आई खुर्चीतून उठून वाटेत उभी होती, चटणीचे हात हवेत धरून. कुणाला लागू नयेत म्हणून. आम्ही तिघी त्या पोरीच्या छातीकडं बघत राहिलो. मला वाटलं, गेली.

मग चिमीनं मोठ्यानं श्वास ओढला आणि भोकाड पसरलं. रडणं ऐकून इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

प्रवाशांतले एक डॉक्टर आले, त्यांनी तपासलं. श्वास परत कोंडू शकतो, लगेच दवाखान्यात न्या, म्हणाले. विमान वाटेतल्याच कुठल्यातरी शहरात उतरवलं. मायलेकींना घेऊन जायला माणसं आत आली. मी माझा नंबर चैतालीच्या हातात कोंबला. निघताना ती आईसमोर थांबली.

"मी विचारलं होतं ना तुम्हाला, आजी."

"व्हय," आई म्हणाली. "इचारलं हुतंस."

विमान परत उडालं. उशीर झाला म्हणून माझ्या मागचा माणूस कुरकुरला, तेव्हा मी त्याला असं सुनावलं, की तो मँचेस्टरपर्यंत बोलला नाही. आईशेजारच्या दोन्ही खुर्च्या आता रिकाम्या होत्या. मी जाऊन बसले. ती थंडीनं कुडकुडत होती, पण चादर अंगावर घेईना. चादरीलाही चटणी लागली असेल, म्हणाली.

"दाणं न्हवतंच की गं त्यात," ती म्हणाली. "कुटल्यावर दाणं कुटं राहत्यात?"

मी तिचा हात धरला, तर तिनं तो सोडवून घेतला आणि परत धुवायला गेली.

यशपालला मुलगी झाली. हात साबणानं धुऊन धुऊन सोलवटेपर्यंत आई नातीला उचलायची नाही. मग एक दिवस चैतालीचा निरोप आला, चिमीच्या फोटोसकट. चिमी बरी आहे, आजींना सांगा, आमच्याकडे शेंगा म्हणजे शेवग्याच्या. आईनं तो माझ्याकडून परत परत वाचून घेतला. त्या दिवशी ती रडली, आणि रडून झाल्यावर परत हात न धुताच नातीला मांडीवर घेतलं.

आता आम्ही सोलापुरात आहोत. आईची चटणी तशीच होते, त्याच उखळात. पण पाहुण्याला ताट वाढलं, की चटणीशेजारी ती एक अख्खी शेंग ठेवते, टरफलासकट. परवा मोहोळहून बजाबाई आत्या आली होती. ताटातली शेंग बघून हसायलाच लागली. आईला म्हणाली, चांगुणा, आमाला शेंगा दावतीस व्हय?

आई हसली नाही.

"दावती," ती म्हणाली. "आधी बगून घ्या, मग खावा."