आठवी खुंटी

बाबा गेल्यानंतरची ही आमची पहिलीच सहल, आणि आई कुठे झोपणार यावरून दादाचं नि माझं निघण्याआधीच वाजलं. दादानं कॅम्पर व्हॅन भाड्यानं आणली होती. आत पलंग, शेगडी, बेसिन, अख्खं घरच. मी मात्र बाबांनी स्वतःच्या हातांनी शिवलेला तंबू घेतला.

"रांगत आत जायचं, रांगत बाहेर यायचं," दादा म्हणाला. "आई काय तान्हं बाळ आहे? तिचे गुडघे बघ जरा."

"आणि तुझ्या डब्यात वारा तरी कळतो का?"

"भांडा, भांडा," आई म्हणाली. "तेवढीच करमणूक."

तळ्याकाठी पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती. काठ पाण्याकडे उतरता. आईला पडल्यापडल्या तळं दिसावं म्हणून दादानं गाडीची पाठ पाण्याकडे केली. गाडीवाल्यानं दोन लाकडी ठोकळे दिले होते, ते त्यानं दाराखाली ठेवले, कारण पायरी आईला उंच पडत होती. त्यांवर पाय देत ती अलगद आत गेली. अशा भावावर माणूस रागावणार तरी किती वेळ?

"बघ, खुंटी नाही, दोरी नाही," दादा ऐटीत म्हणाला.

मी तंबूच्या आठ खुंट्या दगडानं ठोकल्या. बाबांचा लाकडी हातोडा घरीच खिळ्याला राहिला होता. त्यांची रीत ठरलेली. आम्ही आत आडवे झालो की ते तंबूभोवती फिरून प्रत्येक खुंटीवर तीन ठोके देत. आई आतून मोजायची आणि आठ झाल्या की निवांत डोळे मिटायची. परतताना मात्र एक खुंटी ते हटकून विसरत, अर्ध्या वाटेतून माघारी येत, आणि आई त्यावरून महिनाभर त्यांची फिरकी घेई.

जेवणं झाली. आई पलंगावर आडवी झाली, दादा पुढच्या सीटवर पेंगला, मी तंबूत शिरलो. भर दुपारी तळ्यावरून धुकं आलं. दहा पावलांवरची गाडी दिसेनाशी झाली. पाखरं एकदम गप्प.

ठक. ठक. ठक.

आवाज गाडीकडून येत होता. दादा काहीतरी करतोय म्हणून मी कूस बदलली. पुन्हा तीन. दगडाचा आवाज कोरडा असतो. हा लाकडाचा होता, भरीव. माझ्या डोक्यावरचं कापड सैल पडलं. आणखी तीन ठोके, कापड आणखी सैल. आठव्या वेळी अख्खा तंबू हळूच माझ्या अंगावर आला, कोणी पांघरूण घालावं तसा.

धडपडत बाहेर आलो. खुंट्यांच्या जागी नुसती भोकं होती. धुक्यातून दादा तरातरा आला.

"चेष्टा पुरे! आई झोपलीय. गाडीखाली काय ठोकतोयस?"

"मी तर तंबूत होतो."

त्यानं माझे रिकामे हात पाहिले. मी त्याचे पाहिले.

दोघं गाडीमागे गेलो. पाणी तिथून चार पावलांवर. मागच्या प्रत्येक चाकाला चार-चार खुंट्या मानेपर्यंत रोवलेल्या, आणि चाकं त्यांवर रेललेली. चाकांना टेकलेल्या खुंट्या वाकल्या होत्या. चाकांपुढे मातीत वीतभर घसरल्याची ताजी खूण. गाडी सरकली होती.

दादानं दाराखाली पाहिलं. "ठोकळे," तो पुटपुटला. "उतारावर चाकांना लावायचे होते रे. मी त्यांची पायरी केली."

आतून आईचा झोपाळू आवाज आला. "आठ झाल्या. आता झोपू द्या."

दादानं ठोकळे चाकांना लावले. आईला मी उचलूनच खाली उतरवलं. गाडी वर सपाटीला नेली आणि आम्ही खुंट्या उपटायला लागलो. सात निघाल्या. आठवी दोघांनी मिळून ओढली तरी तसूभर हलेना.

"राहू दे," आई म्हणाली. "एक राहिली की ते माघारी येतात."

आणि गाडीत बसताना तिनं खिडकीकडे सरकून शेजारी जागा केली.