वाळलेल्या हाताची सुईण

गिलिस चित्रकाराच्या कारखान्याचं दार माख्तेल्डने धाडकन उघडलं. ब्रूजमध्ये तीस वर्षं बाळंतपणं केलेली ती सुईण सरळ येशूच्या जन्माच्या चित्रासमोर जाऊन उभी राहिली. लोक म्हणत होते ते खरं होतं. येशूची आई मारिया कुमारी आहे यावर अविश्वास दाखवून, खात्रीसाठी तिला हात लावणारी, आणि त्यापायी हात वाळून गेलेली ती जुन्या गोष्टीतली सुईण; तिला चेहरा माख्तेल्डचा होता. हनुवटीवरच्या चामखिळीसकट.

"पाववाल्याच्या सुनेने काल दुसरी सुईण बोलावली," ती म्हणाली. "म्हणे असल्या हाताने माझं मूल नको. तुझी तिन्ही पोरं कुणाच्या हातांनी आली रे, गिलिस?"

"रागावू नकोस, मावशी. तुझा चेहरा पाठ आहे मला, म्हणून उतरला."

"तुझ्या सासूचा नव्हता पाठ?"

गिलिसने हसू आवरलं. "हे बघ. योसेफाच्या हातातली मेणबत्ती फिकी, कारण खरा उजेड बाळाचा. ही गव्हाची पेंढी म्हणजे वेदीवरची भाकर. ती आडवी, तसंच बाळही आडवं; बाळ म्हणजेच ती भाकर. आणि तुझा हात बघणाऱ्याला बाळाकडे नेतो. तो काढला तर नजर भरकटेल."

"माझा नाही तो हात. गोष्टीत बाळाला उचलल्यावर तो बरा होतो. तेवढं बरं विसरलास. आणि बाळ उघड्या जमिनीवर, अंगावर चिंधी नाही. एवढ्या जणांत एकालाही उचलावंसं वाटलं नाही?"

"ती जमीन म्हणजेच वेदी, मावशी."

"वेदीवरही कापड अंथरतात."

गिलिसने कुंचला खाली ठेवला. "बरं, चेहरा बदलतो. टान्नेके सुईणीचा घालू?"

"तिला पोट नाही का?" माख्तेल्डचा आवाज चढला. "पाठमोरी कर बाईला. हात दिसू दे हवा तर. तोंड कुणाचंच नको."

"उद्या बघतो."

"उद्यापर्यंत रंग वाळेल. मला काय शिकवतोस?" तिने तिपाई ओढली आणि चित्रासमोर बसली.

शेवटी गिलिसने रंग खरवडायची सुरी उचलली. चामखीळ गेली, ओठ गेले, डोळे गेले. खालचा पांढरा थर दिसू लागला. माख्तेल्डने उठून चित्राला नाक लावून पाहिलं.

"कान राहिलाय," ती म्हणाली.