शिवकांताच्या भाकरी

शिवकांताचा डबा रोज सकाळी किल्लारीहून एसटीनं लातूरला यायचा. आई शांतम्मा तो कंडक्टरच्या हवाली करायची, आणि स्टँडवरून आणायची तिची रूममेट तनुजा. तनुजा उमरीची. घर लांब, म्हणून मेसवर जेवायची. सकाळी पळायला जायची, येताना डबा घेऊन यायची. दोघी नीटच्या क्लासला होत्या.

आता ही तनुजा म्हणजे काटकुळी, आणि वर दीडशहाणी! माणूस जाड का होतं? खातं म्हणून. संपला विषय, असं तिचं मत. शिवकांता अंगानं भरलेली. एकदा ती जिना चढताना पोरं ओरडली, "भूकंप आला रे!" किल्लारीच्या पोरीला भूकंप म्हणायचं, काय मेल्यांची जीभ! तनुजाला लई राग आला. पण पोरांना झापायचं सोडून तिनं काय करावं? दुसऱ्या दिवसापासून स्टँडवरच डबा उघडून त्यातल्या निम्म्या भाकरी काढायच्या आणि गाईला घालायच्या. मैत्रिणीचं भलं करतोय, याच गुर्मीत ती होती.

उरलेल्या भाकरीही शिवकांता तशाच ठेवू लागली. आईचा फोन आला की वाजू द्यायची. एका दुपारी क्लासच्या जिन्यात तिला चक्कर आली. तनुजानं तिला धरून रूमवर आणलं, साखरपाणी पाजलं.

"जेवत का न्हाईस गं?"

"कसं जेवू? आईनंच भाकरी कमी केल्या." शिवकांता म्हणाली. "पोरं हसली तर हसू दे म्हणायची मी. पण आईलाबी माझी लाज वाटायलीय, तनू. मी आता घरी जाणारच न्हाई."

तेवढ्यात फोन वाजला. शांतम्माचाच. तनुजा गप्प बसली असती तर कुणाला कळणार होतं? पण शिवकांतानं भिंतीकडे तोंड फिरवलं, आणि तिला ते बघवेना.

"भाकरी मी काढत होते," ती म्हणाली. "तुझ्या भल्यासाठी..." पुढचं बोलायची तिची तिलाच शरम वाटली.

शिवकांता तिच्याकडे बघतच राहिली. हिनं एक थोबाडीत द्यावी, असं तनुजाला मनापासून वाटलं. पण शिवकांतानं झडप घालून फोन उचलला आणि ढसाढसा रडायला लागली.

"आई, चुकलं गं माझं. मी तुझ्यावर भलताच संशय घेतला. माफ कर मला."

चुकलेली बया समोरच बसली होती, आणि माफी शिवकांता मागत होती.