बंद पाकिटातली तडजोड

निकाल लागला आणि सोफेवाल्याच्या वकिलाने त्याच्या पाठीवर थाप मारली. वडिलांच्या घरातला खालचा कारखाना त्याला, वरचा मजला ताईला. बायको गुडघ्यावर हात टेकत बाकावरून उठली आणि सुटलो एकदाचे, म्हणाली. सोफेवाला हसला खरा, पण जागचा उठला नाही.

कारण सुटका अजून व्हायची होती. जेवणाच्या सुट्टीनंतर खर्चाचा हुकूम होणार होता. त्या कोर्टाची रीतच अशी की, खटला चालू असताना कुणी तडजोड देऊ केली, तर तिचं पत्र बंद पाकिटात राहतं. न्यायाधीश ते निकालानंतरच उघडतात आणि भर कोर्टात वाचून दाखवतात. तडजोड नाकारणाऱ्याला निकालात तिच्याहून जास्त काही मिळालं नसेल, तर दोन्हीकडच्या वकिलांचा खर्च त्याच्या डोक्यावर. असं एक पाकीट ताईने खटल्याच्या पहिल्याच वर्षी दिलं होतं. कारखाना तुला, वरचा मजला मला. आजचा निकाल अगदी तोच होता.

बायकोला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याने तीन वर्षं तिला ताकास तूर लागू दिली नव्हती.

आता कारखाना त्याला नको होता, असं थोडंच आहे? त्याचा सगळा जीव होता त्यात. पण वडील अंथरुणाला खिळलेले असताना ताई चारचौघांत म्हणाली होती, "तुला खुर्च्यांच्या गाद्या दिसतात, बाबांचं अंथरूण दिसत नाही." ते खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. ताई चुकली असं कुणीतरी उंच खुर्चीत बसून मोठ्याने म्हणावं, एवढीच त्याची हौस. त्या हौसेपायी त्याने वकिलाची धन केली आणि बायकोचं गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकललं, ते ढकलतच नेलं. गुडघा शेकताना ती म्हणायची, नुसता कारखाना दिला असता तरी आपण गप्प बसलो असतो, पण तुमच्या बहिणीला सगळंच हवं. तो मान हलवायचा. तेवढ्या मान हलवण्याची त्याला आता शिसारी येत होती.

त्यात या नणंद-भावजया एकेकाळी एकमेकींवाचून पाणी न पिणाऱ्या. वडिलांचं सगळं दोघींनी मिळून केलेलं. आणि आता भावजय नणंदेला पाण्यात पाहत होती, नणंद ती दिसली की रस्ता बदलत होती.

सुट्टीत त्याने ताईला व्हरांड्यातल्या नळापाशी गाठलं. तुझा सगळा खर्च मी गुपचूप देतो, हवं तर कारखाना गहाण टाकतो, पण ते पाकीट उघडायला लावू नकोस, असं त्याने हात जोडून सांगितलं.

ताई बाटली भरत होती. "का? त्यात काय आहे ते तुला ठाऊकच आहे."

"हिला ठाऊक नाही," तो म्हणाला.

बाटली भरून वाहू लागली तरी ताईचं लक्ष नव्हतं.

"म्हणजे तिने नाही म्हटलंच नव्हतं?"

"मी तिला विचारलंच नाही."

"अरे, मी तीन वर्षं तिला मनात शिव्या घातल्या," ताई म्हणाली. "बाबांना दोघी मिळून उचलून बसवायचो आम्ही. आणि हिलाच मी डोळ्यांसमोर नको झाले, म्हणून रडले मी."

त्याला दोन मुस्कटात मारल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ताईने नळ बंद केला आणि ती निघून गेली.

थोड्या वेळाने त्याचा वकील धावत आला. समोरच्यांनी खर्चाची मागणीच सोडली, पाकीट आता उघडायचं कारण नाही, तुमचं नशीब जोरावर आहे. सोफेवाल्याला क्षणभर हायसं वाटलं. काय निर्लज्ज माणूस आहोत आपण, असंही लगेच वाटलं. मग त्याने व्हरांड्याच्या त्या टोकाच्या बाकाकडे पाहिलं, तर ताई त्याच्या बायकोशेजारी बसली होती. बायको आधी अंग चोरून सरकली. ताई खाली मान घालून बोलत राहिली. हळूहळू बायकोचं सरकणं थांबलं आणि तिने व्हरांड्याच्या या टोकाला उभ्या असलेल्या नवऱ्याकडे वळून पाहिलं.

ती लंगडत त्याच्यापर्यंत आली. पुढे होऊन तिला आधार द्यायचंही त्याला धैर्य झालं नाही.

"तडजोडीला नाही का म्हणालात तुम्ही?"

थाप मारणं सोपं होतं, हात बसलेला होता. पण त्याच्याने ते झालं नाही.

"मला जिंकायचं होतं," तो म्हणाला.

"मग जिंकलात की. वर खर्चही पडला नाही."

आवाज चढला नव्हता. मागून ताई आली होती, तिने हात पुढे केला आणि बायकोने तो घट्ट धरला.

"मी ताईंबरोबर वरच्या मजल्यावर जाते," ती म्हणाली. "तुम्ही तुमच्या वाट्यात राहा."