अकरावं भोक

आधी ऐका तर, मग हसा! मी एक जुना पडदा आहे. आता तुम्ही म्हणाल, पडदा कसला, हा तर कोट आहे, बाह्या आहेत, कॉलर आहे. आहेत ना! पण मित्रांनो, बाह्या मला मागच्या वर्षी फुटल्या. त्याआधी मी पडदाच होतो. काळपट, जाडजूड, दिसायला अगदी ओल्या गोणपाटासारखा.

जन्म गिरणीतला. मागावरून उतरलो तेव्हा तिथल्या कामगाराने मला दिव्यासमोर धरलं आणि म्हणाला, "यातून उजेडाचा बापसुद्धा जाणार नाही." आयुष्यातलं पहिलं कौतुक, म्हणून लक्षात आहे.

लढाई सुरू झाली आणि माझ्यासारख्या कापडासाठी दुकानात रांग लागली. रफूची कामं करणाऱ्या एका मावशीने मला आणलं. मावशी कुणाची, तर भिंगरीची. भिंगरी म्हणजे तिच्या बहिणीची मुलगी, तेव्हा सात वर्षांची. दोन मिनिटं एका जागी बसेल तर शपथ, म्हणून भिंगरी. आई इस्पितळात परिचारिका, जखमींचे लोंढे येत होते, ती आठवड्यातून एकदा घरी आली तर आली. म्हणून पोरगी मावशीकडे, तिसऱ्या मजल्यावर, एका खोलीत.

मला दोन कामं होती. रात्री दिव्याचा उजेड बाहेर जाऊ द्यायचा नाही, कारण उजेड दिसला तर विमानं तिथेच बॉम्ब टाकतात म्हणे. आणि दिवसा खिडकीची काच फुटली तर ती झेलायची. म्हणून मी चोवीस तास ओढलेलाच! खोलीत दुपारीसुद्धा दिवा लावावा लागायचा. हे लक्षात ठेवा हं, पुढे लागणार आहे.

एकदा भिंगरीला ताप आला. संध्याकाळी मावशी खाली पाणी भरायला गेली होती. आई येतेय का ते पोरीला बघायचं होतं आणि मला हात लावायचा नाही अशी तंबी होती. मग तिने काय करावं? मावशीची कात्री घेतली आणि माझ्यात बोट जाईल एवढं भोक पाडलं! डोळा लावून रस्ता बघितला. आई नव्हती. तेवढ्यात भोंगा वाजला, पोरगी घाबरून पांघरुणात शिरली आणि तापात तिचा डोळा लागला.

जाग आली ती काचेच्या आवाजाने. समोरच्या गल्लीत बॉम्ब पडला होता. खिडकी आत आली. मी झेलली, जेवढी झेलता आली तेवढी. दहा तुकडे मला फाडून आत गेले. त्यातला एक मावशीच्या उजव्या डोळ्यात.

रडगाणं गात नाहीये. झालं ते सांगतोय.

लढाई संपली, मला घडी घालून ट्रंकेत टाकलं. पंधरा वर्षं! वर डांबराच्या गोळ्या, खाली फुटकी छत्री. मावशी एका डोळ्याने रफू करत राहिली. भिंगरी मोठी झाली, कपड्यांचं डिझाइन शिकायला लागली, आणि एके दिवशी तिने ट्रंक उघडून मला बाहेर ओढलं. मला वाटलं, आता फरशी पुसणार. तिने मला टेबलावर पसरलं, खडूने रेघा मारल्या आणि कात्री चालवली. त्याच मुलीच्या हातात दुसऱ्यांदा कात्री, विचार करा!

कोट झाला. आतून अस्तर नाही, म्हणजे भोकांतून आरपार दिसावं. शेवटच्या वर्षाचं प्रदर्शन होतं आणि त्यातून एकाच विद्यार्थ्याला मोठ्या कारखान्यात डिझायनरची नोकरी मिळणार होती. ती भिंगरीला हवीच होती. मावशीचा उरलेला डोळाही थकत चालला होता. नोकरी लागली की मावशीच्या हातातली सुई खाली ठेवायची, एवढंच तिच्या डोक्यात.

तिच्या मॅडमनी मला उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, "शिवलंयस झकास. पण लढाई तर सगळ्यांनीच पाहिली. तुझं काय आहे यात?"

तेव्हा भिंगरीने कधी कुणाला न सांगितलेलं सांगितलं. मॅडमनी मला टेबलावर ठेवलं. मग म्हणाल्या, "हेच. हेच लिही कार्डावर."

तिने लिहिलं: अकरा भोकं. दहा काचेची, एक माझं. माझ्या भोकातून उजेड बाहेर गेला, म्हणून बॉम्ब आमच्याकडे आला आणि मावशीचा डोळा गेला.

पंधरा वर्षं ही पोरगी असं समजत होती! मला खरं माहीत होतं, पण पडद्याला विचारतो कोण?

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी तिने मला खुंटीवरून काढलं, छातीपाशी हात फिरवला आणि ओरडलीच. "मावशी! भोक कुठे गेलं?"

"कुठलं गं?"

"सोंग नको घेऊस. डावीकडचं."

"दिसत नाही ना? मग जमलं म्हणायचं. एकाच डोळ्यात तेल घालून केलंय, तेलही अर्धंच लागलं."

भिंगरी हसली नाही. "बाकीची दहा तशीच ठेवलीस. हेच का?"

मावशीने ते कार्ड टेबलावर ठेवलं. मग चष्मा पुसला. दोन्ही काचा पुसल्या, जिच्यामागे डोळा नाही तीसुद्धा. "हे तुला कधीपासून वाटतंय?"

"तेव्हापासून."

"आणि मला आज कळतंय. तेही तुझ्या खिशात कार्ड सापडलं म्हणून."

"रात्र होती, मावशी. दिवा चालू होता. मी भोक पाडलं आणि लगेच..."

"चार वाजले होते."

"पहाटेचे?"

"दुपारचे गं, भिंगरे! दुसऱ्या दिवशी दुपारी चार. तू तापात रात्रभर झोपलीस, वर अख्खा दिवस झोपलीस. सकाळी ऊन माझ्या पायावर आलं तेव्हा भोक दिसलं मला. म्हटलं, बघा कारटीचे उद्योग! कापसाचा बोळा कोंबला त्यात. रात्री उजेड गेला असेल बाहेर, पण रात्रभर काही झालं नाही. झालं ते भरदुपारी, आणि बोळा तेव्हा जागेवर होता."

"पण अंधार होता..."

"पडदा ओढलेला होता, बाई माझी."

तिने माझ्याकडे बघितलं. मी काय करणार? खरंच होतं ते. त्या दुपारी माझी पाठ उन्हाने तापली होती आणि पुढून मी खोलीत रात्र करून ठेवली होती. कामच होतं माझं ते, आणि मी ते चोख करत होतो.

भिंगरी खाली बसली. मावशीने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढला. "ऊठ, उशीर होईल. आणि धागा बाहेरचा नाही हं घेतला, त्याच्याच मुडपीतला काढलाय. रंग जुळायला नको?"

प्रदर्शन एका जुन्या गोदामात होतं. मंचामागे मॅडमनी मला पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. "भोक?"

"रफू झालं."

"रिपर आहे ना? तुझा नंबर पाच मिनिटांनी आहे. उसव पटकन."

"मॅडम, ती गोष्ट खरी नव्हती. मला आज सकाळी कळलं."

"मग काल रात्रीपर्यंत खरीच होती ना? परीक्षकांना मी सांगून ठेवलंय त्या भोकाबद्दल. ते तेच बघायला येतायत. नोकरी हवीय की नको?"

भिंगरीने टाके उसवायचा तो रिपर काढला. त्याचं टोक मला टाक्यांखाली जाणवलं. एक धागा उचललाही गेला. चार-पाच टाके, बस्स, मी उघडा पडलो असतो. बाहेर तिच्या आधीच्या मुलीसाठी टाळ्या चालू होत्या.

मग तिने तो धागा नखाने परत आत दाबला. कार्डावरच्या ओळी खोडून खाली लिहिलं: दहा भोकं. अकरावं मावशीने बुजवलं.

मी मंचावर गेलो. दिवे लागले, दहा ठिकाणांहून उजेड आरपार गेला. परीक्षकांनी अकरावं शोधलं, सापडलं नाही, यादीच्या पुढच्या पानावर गेले. नोकरी दोरखंडाचा झगा करणाऱ्या मुलीला मिळाली. झगा छान होता, खोटं का बोलू?

आता मी मावशीच्या रफूच्या दुकानात टांगलेला असतो. मावशीची सुई काही सुटली नाही, भिंगरी शेजारी बसून नवे कपडे बेतते. त्या पाच मिनिटांबद्दल मावशीला तिने अजून सांगितलेलं नाही. लहान मुलं येतात, माझ्या भोकांत बोटं घालून मोजतात, दहा म्हणतात. मित्रांनो, जुनं कापड पोछ्याला टाकण्याआधी एकदा त्याच्या आतल्या बाजूने हात फिरवा, एवढंच सांगणं आहे. माझ्या छातीपाशी डावीकडे, आतून एक बारीक गाठ लागते, ती मावशीची. आणि तिच्या शेजारी एक धागा किंचित सैल आहे.

आता तुम्ही सांगा. रिपर तुमच्या हातात होता, धागा उचललेला होता, अजून तीन मिनिटं बाकी होती. तुम्ही काय केलं असतं?